मेंदूच्या समर स्कूलला ओजेटी का धरत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत एआयचे कोर्स सारखे येतात, चांगलंच आहे, पण कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सच्या (म्हणजे मेंदूचं काम गणिताने आणि कॉम्प्युटरवर समजून घ्यायच्या) समर स्कूलबद्दल कधी ओळभरही वाचलं नाही, आणि ते केलं तरी आमच्याकडे ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणून धरत नाहीत, म्हणून हे पत्र. मी तासिका तत्त्वावर एमएस्सीला फिजिक्स शिकवतो. आमच्या पोरांना वाटतं मेंदू म्हणजे मेडिकलवाल्यांचं काम, फारतर झूलॉजीवाल्यांचं. खरं तर इथे डिफरन्शियल इक्वेशन सोडवता येणाऱ्याला मान आहे, बेडूक कापता नाही आला तरी चालतंय.

अमेरिकेत वुड्स होलला १९८८ पासून असा महिनाभराचा कोर्स चालतो, जपानात ओकिनावाला तीन आठवड्यांचा आहे, आपल्याकडे बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत कॅम्प नावाचा आहे. सीट मोजक्या, अर्ज जगभरातून, त्यामुळे आमच्यासारख्या कॉलेजातल्या पोरांना तिथवर पोचणं अवघडच. पण २०२० मध्ये, कोविडमुळे सगळं बंद असताना, न्यूरोमॅच अकॅडमी सुरू झाली, ती पूर्ण ऑनलाइन. जुलैत तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज आठ तास, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम, छोटा ग्रुप, ग्रुपला एक शिकवणारा, शेवटी प्रोजेक्ट. फी देशाप्रमाणे कमी होते, अडचण असेल तर माफ पण होते. सगळं ब्राउझरमध्ये चालतं, भारी लॅपटॉप लागत नाही.

नुसती ऑनलाइन सर्टिफिकेटवाली भानगड नाहीये ही. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नर्व्हवर प्रयोग करून सिग्नल कसा पळतो याची समीकरणं मांडली, १९६३ ला नोबेल मिळालं, आणि त्यातलं गणित हक्सलीने हँडल फिरवायच्या मशीनवर केलं कारण केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बदल करायला म्हणून बंद होता! तेच मॉडेल आमच्या एका मुलीने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवलं. नर्व्हला दिलेला करंट ५ ठेवला तर एकदा स्पाइक (सिग्नलचा एक झटका) आला आणि ग्राफ गप्प. १० केला तर थांबेचना, एकामागून एक स्पाइक. "सर, करंट दुप्पटच केला ना, मग दोनच का नाही आले?" असं तिने विचारलं, आणि माझा पुढचा अख्खा तास त्यातच गेला. असा प्रश्न वर्षभराच्या लेक्चरमध्ये एकदा आला तरी मी खूश असतो.

तर ही मुलगी न्यूरोमॅचला सिलेक्ट झाली. आता एमएस्सी भाग एकला दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी आहे, चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. आणि न्यूरोमॅचचे पंधरा दिवस गुणिले आठ तास किती होतात ते बघा, बरोबर १२०. पण हीच ओजेटी धरा म्हटलं तर आमच्याकडे उत्तर मिळालं की कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आणा, ऑनलाइन चालत नाही. शेवटी तिने ओळखीच्या एका दुकानात जाऊन एक्सेलमध्ये स्टॉक भरला आणि शिक्का आणला. क्रेडिट मिळाले. हे आमच्यापुरतंच आहे असंही नाही, बाकीच्या कॉलेजातले मित्र सांगतात तिकडे पण थोड्याफार फरकाने हेच.

यावर म्हणतात की उद्या कोणीही कुठलंही सर्टिफिकेट घेऊन येईल. मान्य, येईलच. मग डिपार्टमेंटने व्हायवा घ्यावी ना, प्रोजेक्टचा कोड उघडून एक पॅरामीटर बदलायला सांगावा, दहा मिनिटांत कळतं कोणी केलंय आणि कोणी ढापलंय. दुकानाच्या शिक्क्याची व्हायवा कोण घेतं?

विद्यापीठांनी एक परिपत्रक काढावं, समर स्कूल ऑनलाइन असो की प्रत्यक्ष, तासांचा हिशोब आणि प्रोजेक्ट दाखवला की ओजेटी धरावी. आणि दुसरं, जुलैत कोर्स चालू असतानाच बॅकलॉगचे पेपर नाहीतर प्रॅक्टिकल येतात, निदान सिलेक्ट झालेल्या पोरांची प्रॅक्टिकलची बॅच तरी पुढेमागे करून द्या, त्याला तर परिपत्रकही लागत नाही, एचओडीची (विभागप्रमुखांची) सही पुरते.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक, सांगली जिल्हा