घरात कॅन्सर, धास्ती लेकीबाळींना

महोदय,

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कॅन्सरची तपासणी शिबिरे लागतात, आपणही त्यांच्या बातम्या ठळक छापता. ते हवेच. पण ज्यांच्या घरात आई, मावशी, बहीण या आजाराने गेली, त्या धडधाकट बायकांच्या मनाची विचारपूस तिथे कुणी करत नाही. माझ्या आईला आणि मावशीला हा आजार झाला. आम्ही बहिणी आजही छातीत हाताला जरा गाठीसारखे लागले की रात्र जागून काढतो आणि एकमेकींना सांगत नाही.

बहुतेक स्तनकर्करोग आनुवंशिक नसतात. शंभरात पाच ते दहाच असतात. मात्र बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकात दोष असेल, तर बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्याही वर जाते, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. हा दोष बापाकडूनही येतो आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. तरी बोट दाखवले जाते ते आईच्या माहेराकडे. ‘लग्न जमेपर्यंत रक्त तपासू नकोस,’ हा सल्ला आपल्याकडे किती घरांत दिला जातो!

रिपोर्टमध्ये दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे, हे आधी नीट सांगायला हवे. पुढचे निर्णय भारी असतात. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय. बीआरसीए-१ असेल तर मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय काढण्याचा सल्ला. स्तन काढायचे का, हा प्रश्न वेगळाच. नुकते लग्न झालेल्या मुलीने ओपीडीतल्या पाच मिनिटांत हे कसे ठरवायचे? जिच्यात दोष निघत नाही ती बहीणही सुखी नसते, आपण सुटलो याचीच तिला टोचणी लागते. आणि आजारी आई ‘माझ्यामुळे पोरीला’ म्हणत झुरते.

मिरजेत उपचारांसाठी कर्नाटकातूनही माणसे येतात. तिथल्या शासकीय रुग्णालयात आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दुपार तरी समुपदेशक बसावा, चाचणीआधी आणि रिपोर्ट देतानाही. शक्यतो स्त्रीरोग विभागातच, म्हणजे ‘कशाला आलीस’ असे कुणी विचारणार नाही. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आशाताईंनी अशा घरांत आवर्जून द्यावा.

आपणही यंदाच्या ऑक्टोबरमध्ये एक पान या बायकांच्या प्रश्नांसाठी, त्यांची नावे न छापता, राखून ठेवावे आणि तज्ज्ञांकडून उत्तरे मिळवून द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली