चिठ्ठीला हसू नका, हिशोबाचं बघा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

सरपंच आरक्षणाच्या सोडतीवर मागच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापलं तुम्ही, बरणीतून चिठ्ठ्या काढून कुठे कारभार चालतो का म्हणून. मी पण होतो त्या दिवशी तहसीलला. चौथीतल्या पोरीने बरणीत हात घातला तेव्हा हॉलमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता, आणि चिठ्ठी वाचल्यावर आमचे एक भावी सरपंच पुढच्या रांगेतून उठले ते सरळ चहाच्या टपरीवर. पण भाऊ, चिठ्ठीवर कारभार चाललाय, आणि तो पण ग्रीसमधल्या अथेन्सला, जिथून लोकशाही आली म्हणतात.

माझी पोरगी एमपीएससी करते, तिच्या पुस्तकांमुळे मलाही नाद लागला. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास तिथल्या क्लेइस्थेनीस नावाच्या पुढाऱ्याने जुन्या घराण्यांचं वजन मोडायला लोकांच्या नव्या १० टोळ्या पाडल्या, प्रत्येकीतून ५० अशी ५०० जणांची कौन्सिल, वय ३० च्या वर आणि नाव निघायचं सोडतीने. जन्मात दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. त्यातली एकेक टोळी वर्षाचा दहावा हिस्सा काम बघायची आणि त्यांचा अध्यक्ष रोज चिठ्ठीने नवा, एक दिवस एक रात्र खजिन्याच्या चाव्या अन शिक्का त्याच्याकडे, सूर्य मावळला की दुसऱ्याकडे, परत कधी मिळणार नाही. आमच्याकडे शिक्का पाच वर्षं एकाच घराच्या कपाटात असतो, बाई सरपंच असली तरी कपाट मालकांचंच!

कोर्टाला तर दगडी मशीन होतं. खाचांमध्ये लोकांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या, बाजूच्या नळीतून पांढरे-काळे गोटे सोडायचे, पांढरा आला तर ती अख्खी आडवी रांग न्यायाला बसणार, काळा आला तर घरी. कोण बसेल ते सकाळपर्यंत माहीत नसल्यावर पाकीट द्यायचं कोणाला? युद्ध मात्र त्यांनी चिठ्ठीवर सोडलं नाही, १० सेनापती मतं देऊनच, त्यांचा मोठा पुढारी पेरिक्लीस असाच वर्षामागून वर्षं निवडून आला.

बायका, गुलाम, बाहेरून आलेले यांना या कारभारात काहीच हक्क नव्हता, ते काही कौतुकाचं नाही.

पण मला भावलं ते पुढचं. पद सुटलं की पैन् पैचा हिशोब द्यायचा आणि तो पास होईपर्यंत देश सोडून जायचं नाही. आमच्या ग्रामसभेत गेल्या २६ जानेवारीला जमाखर्च विचारायला उभा राहिलो तर कोरमच नाही, १०० माणूस जमलं नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांना पाठ. रजिस्टर मात्र घरोघरी फिरून सह्यांनी भरलं. शेजारच्या आबांना विचारलं का नाही आले, तर म्हणे, "आपले काय करनं शे?"

अथेन्सचे लोक पण टाळाटाळ करायचे बरं का. मग बाजारात लाल रंगात भिजवलेली दोरी दोन्हीकडून धरून लोकांना सभेकडे हाकलायचे, ज्याच्या कपड्याला डाग तो चुकार. आमच्याकडे केळीला बांधायची रस्सी घरोघरी पडलीय, आणि गुलाल निवडणुकीतला उरलेला आहेच.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. चोपडा