पाडकामाआधी विचारा, या खोलीत काय चालत होते?

महोदय,

पुनर्विकास म्हटले की चटईक्षेत्र, कॉर्पस आणि भाडे यांवर रात्ररात्र सभा चालतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे, ते योग्यच आहे. पण तळमजल्यावरच्या बंद नर्सिंग होममध्ये किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या लॅबमध्ये पूर्वी किरणोत्सारी, म्हणजे घातक किरण सोडणारे, काय काय ठेवलेले असायचे, याची चौकशी पाडकामाआधी कुणीच करत नाही. ऑडिट करणाऱ्या अभियंत्याचे ते काम नाही. मग कुणाचे?

माझी नोकरी रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून झाली. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक फोन करतात; बहुतेकांना ग्रॅनाइटच्या ओट्याची नाहीतर मोबाइल टॉवरची काळजी असते. त्यांना मी निवांत झोपा म्हणून सांगते. मध्यंतरी मात्र एका कंत्राटदाराने नूतनीकरणाला घेतलेली जुनी इमारत बघायला बोलावले. खाली नर्सिंग होम, वर एका कंपनीचे ऑफिस, दोन्ही रिकामी. त्याला धास्ती एक्स-रे रूमची होती, मजूर आत पाऊल टाकायला तयार नव्हते. एक्स-रे मशीन म्हणजे बटण बंद केलेला दिवा. वीज नाही तर किरण नाहीत, आणि भिंतीत काही मुरूनही राहत नाही. किरण मोजायचा मीटर फिरवून दाखवला, कुठेही दिसतात तेच ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपासचे आकडे. मशीन मोडीत काढताना अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवावे लागते आणि दाराच्या आतला पत्रा शिशाचा आहे, तो कापताना मास्क लावा, एवढे सांगून वर गेले.

वर एक पोरगा फॉल्स सीलिंगमधून काढलेले स्मोक डिटेक्टर गोणीवर ठेवून हातोडीने फोडत बसला होता. प्लास्टिक एकीकडे, धातू दुसरीकडे, शेजारीच त्याचा चहाचा ग्लास. एक उलटा करून बघितला तर खाली किरणोत्साराचा इशारा देणारे तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि ‘अमेरिशियम-२४१’ या किरणोत्सारी धातूचे नाव. जुन्या आयोनायझेशन प्रकारच्या डिटेक्टरमध्ये हा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा तुकडा, इवलासा असतो. छताला लटकलेला असताना तो कुणाचे काही बिघडवत नाही, पण फोडून त्याची धूळ नाकातोंडात गेली तर ते अल्फा किरण शरीराच्या आत बसून काम करतात. कंत्राटदार म्हणाला, “मॅडम, तुमचा मीटर तर वाजत नाही.” बरोबर होते त्याचे. अमेरिशियमचे अल्फा किरण कागदानेही अडतात आणि गॅमा फार क्षीण, त्यामुळे साधा मीटर अगदी टेकवल्याशिवाय दाद देत नाही. कोणताही सोर्स शिशाच्या जाड डब्यात असेल तर बाहेरून मीटर गप्पच राहतो.

म्हणून मीटरच्या आधी कागद आणि डोळे. कोणत्या खोलीत कोण होते, परवाने कशाचे होते, मशीन कुठे गेले, जुना कंपाउंडर किंवा वॉचमन काय सांगतो. पूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरवर रेडियमच्या सुया-नळ्या वापरत. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षे; डॉक्टरांची तिसरी पिढी परदेशी गेली तरी कपाटातल्या डब्याला त्याचे काही नाही.

ब्राझीलमधल्या गोयानियात हेच झाले. एका खासगी रेडिओथेरपी संस्थेने जागा बदलली आणि सिझियम-१३७ चे यंत्र जुन्या इमारतीतच राहिले. इमारत अर्धवट पाडलेली, राखण नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी भंगार म्हणून यंत्राचा भाग उचलून नेला. भंगारवाल्याकडे रात्री निळसर चमकणारी ती भुकटी नातेवाईकांनी कौतुकाने वाटून घेतली. चार जण गेले, त्यांत सहा वर्षांची मुलगी होती. सुमारे १ लाख १२ हजार लोकांना तपासावे लागले आणि शेवटी काही घरेच पाडावी लागली.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीचे. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कोबाल्ट-६० चे गॅमा सेल, म्हणजे प्रयोगासाठी नमुन्यांवर किरण सोडायचे यंत्र, १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० मध्ये अडगळ म्हणून लिलावात गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले आणि एक कामगार जिवाला मुकला. लिलाव करणारे शिकलेले होते, मरणारा हातावर पोट असलेला.

उपाय फार खर्चाचा नाही. महापालिकेच्या पाडकाम व दुरुस्ती परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: या जागेत कधी दवाखाना, एक्स-रे, रेडिओथेरपी, प्रयोगशाळा किंवा औद्योगिक रेडिओग्राफी (किरणांनी धातूचे जोड तपासणे) होती का? ‘होय’ असेल तर जाणकाराची पाहणी झाल्याशिवाय हातोडा पडू नये. तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले तर वस्तू फोडू नये, हलवू नये, खोलीला कुलूप लावून नियामक परिषदेला कळवावे; तिचे कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. सोसायट्यांनीही बिल्डरच्या करारात हे कलम घालून घ्यावे. त्या कंत्राटदाराने उरलेले डिटेक्टर डब्यात सील करून कुलपात ठेवले, पुरवठादाराला पत्र टाकले. आधी फुटलेल्यांची गोणी मात्र सकाळीच टेम्पोतून भंगारात गेली होती, आणि टेम्पो कोणाचा हे साइटवर कुणालाच सांगता येईना.

– एक निवृत्त रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, डोंबिवली