खुर्चीतून उठणे

लीड्स, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "छाती दुखत नाही, जखमही सुकली, पण खुर्चीतून उठताना मेटाकुटीला येतो, हृदय अजून कच्चेच दिसते." तुमच्या मागे आत्याचा आवाज चालू असल्यामुळे तेव्हा नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. डिस्चार्जच्या कागदांवर तुमचे पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आपल्यातले किती रक्त बाहेर ढकलते ते, ५५ टक्के लिहिलेले आहे, आणि ते चांगलेच आहे. हृदय कच्चे नाही बाबा, कच्च्या झाल्या आहेत त्या मांड्या.

दम लागतो म्हणून ऑपरेशनच्या आधीचे दोन महिने तुम्ही कचराळी तलावाच्या फेऱ्या बंद केल्यात, नौपाड्यातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणेही टाळू लागलात, आणि त्यानंतर बायपास, आयसीयू आणि घरचा पलंग असा क्रम लागला. वयाबरोबर स्नायू झिजतातच. त्या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. मात्र अंथरुणावर ती फार झपाट्याने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा धडधाकट वृद्धांना दहा दिवस पलंगावर ठेवले होते, तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस उतरले. तुमच्या अंगावर तर शिवाय शस्त्रक्रियेचा आघात होता, आणि अशा वेळी शरीर जखम भरण्यासाठी स्वतःचेच स्नायू मोडते.

ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टने पाच मीटर चालवून वेळ मोजली, तेव्हा "मला काय शर्यतीत उतरायचे आहे?" असे तुम्ही विचारले होते. मॉन्ट्रियलच्या संशोधकांच्या २०१० सालच्या अभ्यासात, हृदयाची शस्त्रक्रिया होणाऱ्या सत्तरीपुढच्या ज्या रुग्णांना तेवढ्या अंतराला सहा सेकंद किंवा अधिक लागले, त्यांच्यात मृत्यूचा किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका सुमारे तिप्पट आढळला. येथे माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीतही फाईल उघडण्याआधी मी त्यांची चाल पाहते.

आता खुर्चीबद्दल. तुमच्या छातीचे मधले हाड कापून तारेने शिवले आहे, ते सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण पक्के व्हायला बारापर्यंत लागतात. म्हणून हातांवर भार देऊन उठायला मनाई आहे, आणि हात वजा केल्यावर सगळे ओझे मांड्यांवर येते. त्या आधीच उतरलेल्या असल्याने तुम्हाला उठणे डोंगराएवढे वाटते. आईला सांगा, तो बुटका दिवाण तूर्त विसरा. ताठ पाठीची, कडक बैठकीची खुर्ची घ्या आणि वर एक घट्ट उशी ठेवा. पुढे सरकून काठावर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीशी धरून पुढे वाकावे, श्वास सोडत उठावे आणि धप्पकन न बसता सावकाश बसावे. श्वास कोंडून जोर करू नका. सकाळी पाच वेळा आणि संध्याकाळी पाच वेळा पुरे. सोपे झाले की एखादी वेळ वाढवावी. मात्र सुरुवात तुमच्या फिजिओथेरपिस्टच्या देखत करा. आणि कोणीही प्रेमाने बखोटीला धरून ओढायला आले, तर स्पष्ट नाही म्हणा; त्या ओढण्याने हाडावर ताण येतो.

छातीत दुखले, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली, हाडात कट्कट् जाणवली किंवा जखमेतून पाणी आले, तर व्यायाम थांबवून लगेच सर्जनना कळवायचे, माझ्या फोनची वाट पाहायची नाही.

जेवणाविषयी मात्र मला थोडे भांडायचे आहे. मऊ भात आणि वरचे पातळ वरण हे आजाऱ्याचे जेवण खरे, पण त्याने स्नायू बांधले जात नाहीत. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना किलोमागे दिवसाला किमान १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या साठ किलोंना सुमारे ७० ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, आणि पातळ वरणात त्याहूनही कमी. तेव्हा न्याहारीला मुगाचे धिरडे आणि दही, दुपारी मटकीची उसळ, रात्री पनीर असे दिवसभर वाटून घ्या. तुमचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, ठीक असले तरी डॉक्टरांना एकदा विचारा. अंड्याबद्दल आईशी मी स्वतः बोलेन. तो विषय तुमच्याने होणार नाही.

आत्या भेटीला येते आणि "पडून राहा रे" म्हणते, त्यात तिची मायाच आहे, परंतु ती येईल तेव्हा खुर्चीतच बसून गप्पा मारा. बायपाससाठी पायातून शीर काढली आहे, त्यामुळे बसताना तो पाय स्टुलावर ठेवा. दर तासाला घरातल्या घरात एक फेरी मारा. जिन्याचे पुढच्या तपासणीत विचारून घ्या. परवानगी मिळाल्यावर पहिल्या दिवशी फक्त एका मजल्याचा जिना, तोही आई सोबत असताना.

रविवारी व्हिडिओ कॉल लावेन. तेव्हा खुर्ची कॅमेऱ्यासमोर आडवी ठेवा, म्हणजे तुमचे गुडघे मला बाजूने दिसतील.

तुमची,
मीना