सोरायसिसचं मलम सगळे देतात, झोपेचं कुणी विचारत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात सोलापुरात कुणी फुल बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून फिरताना दिसला तर हसू नका, तो मी असेन. ९ वर्षं झाली, सोरायसिस आहे, कोपरं गुडघे आणि डोकं. टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, खुर्चीवर पांढरा कोंडा पडतो तो कुणी यायच्या आत हातानं झाडून टाकायचा, ही सकाळची पहिली ड्युटी.

चांगल्या माणसाची कातडी नवीन व्हायला साधारण महिना लागतो, आमच्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं म्हणून थर साचतो. प्रतिकारशक्ती उगाच ओव्हरटाइम करते, बाकी काही नाही. लागण होत नाही, शिवून नाही की एका ताटात जेवून नाही. हे लोकांना सांगून सांगून थकलो. गेल्या वर्षी नेहमीच्या कटिंगवाल्यानं डोक्यावरचे चट्टे बघितले आणि कंगवा खाली ठेवला, "काका गर्दी आहे, सोमवारी या" म्हणला. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं.

तेव्हापासून बायकोच केस कापते. लग्नाला जाणं बंद, गड्ड्याच्या यात्रेला पण दोन वर्षं गेलो नाही. रात्री खाज, म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, आणि टेन्शन आलं की चट्टे अजून लाल होतात, मार्च एन्डिंगला तर विचारूच नका. मधे नको नको ते विचार यायला लागले. तीन डॉक्टर बदलले, ट्यूब किती संपली हे तिघांनी विचारलं, झोप लागते का हे एकानंही नाही. शेवटी एका रात्री दोन वाजता मीच १४४१६ ला फोन लावला, टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेड्यांचा नंबर असेल असं वाटायचं, तसं काही नाही. त्यांच्या सांगण्यावरून मानसोपचारवाल्यांना दाखवलं, आता झोप बरी आहे, चट्टे आहेतच.

२०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत सोरायसिसवर ठराव झाला, त्यात पेशंटला समाजात आणि कामावर सोसाव्या लागणाऱ्या हेटाळणीचा आणि भेदभावाचा पण उल्लेख आहे. मग आपल्याकडे स्किनच्या ओपीडीत केसपेपरवर झोप आणि मन यांचे दोन प्रश्न टाकायला काय हरकत आहे?

आणि रागावू नका साहेब, पण तुमच्याच पेपरात "सोरायसिस मुळापासून गायब" अशी जाहिरात येते. हा आजार ताब्यात राहतो, मुळापासून जात नाही. त्या पुड्यांत माझे पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण दर वेळी आशा लागते आणि दोन महिन्यांनी माणूस आधीपेक्षा खाली बसतो. २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो, निदान त्या दिवशी तरी ती जाहिरात घेऊ नका.

आपला, एक वाचक, सोलापूर

ता. क. नाव छापू नका, कारखान्यात तुमचाच पेपर येतो.