मुंबई-लंडन आठ तासांत होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांत परदेशी शहरांच्या अंतराची आणि प्रवासाच्या वेळेची कोष्टके येतात. मुंबई-लंडनपुढे ७,२०० किलोमीटर आणि आठ तास असे छापलेले असते. अंतर बरोबर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तेवढेच भरते. आठ तास मात्र ७,२०० ला ताशी ९०० ने भागून काढलेले असतात.

तो दोरा सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हापासून त्यांना अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने वळसा पडू लागला. परदेशी कंपन्यांवर ती बंदी नव्हती. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. समोरून सरासरी ताशी १०० किलोमीटर वारा धरा: वेग ८०० वर येतो, नऊ तास हवेतच जातात. तोच वारा पाठीशी असला तर सव्वासात. जाण्यायेण्याची वेळ एकच छापणे इथेच चुकते.

शिवाय तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. चाकांखालचे अडसर निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतची ती वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमाने रांगेत उभी राहतात. हीथ्रोला गर्दीच्या वेळी उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे सगळे धरून जाताना साधारण साडेनऊ-दहा तास आणि येताना साडेआठ-नऊ तास धरणे योग्य.

सर्वांत जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेपाचला पोहोचणार म्हटल्यावर घरचे साडेचार तास मोजतात. दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा: दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचे घड्याळ एक तास पुढे असते, तेव्हा साडेचारच मिळवायचे. परतीला हाच फरक वजा करायचा आणि तारीख बदलली का तेही पाहायचे. रात्री साडेनऊचे विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी येते.

कोष्टकात जाण्याची व येण्याची वेळ वेगवेगळी, वेळापत्रकातून घेऊन, महिन्यासह छापावी ही विनंती. मुलांकडे निघालेले अनेक ज्येष्ठ ते कात्रण कापून ठेवतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर दोन डोसमधले अंतर घड्याळाच्या वेळेत नव्हे, तासांत, निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)