लेसमधला रंग: आईला पत्र

लुब्लियाना

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढं डोळे फोडून विणता, मग ती लेस पांढरीफटक का? जरा रंग घाला की!" तेव्हा घाईत होते, धड बोलणं झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव.

मी शिकायला जाते ते इद्रिया म्हणजे इथलं, स्लोव्हेनियातलं, एके काळचं पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाणकामगारांच्या बायका बॉबिन लेस, म्हणजे बॉबिनांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंफून होणारी जाळी, विणून घराला हातभार लावायच्या. तिथली लेसची शाळा १८७६ पासूनची आहे. तिथे बहुतेक काम पांढऱ्या नाहीतर कोऱ्या सुती-लिननच्या दोऱ्याचंच. पूर्वी लेस वरचेवर धुतली जायची आणि लिननवर रंग नीट टिकत नसे, तेव्हा पांढरंच बरं. पण पांढरा हा काही नियम नव्हे. फ्रान्समध्ये काळ्या रेशमाची लेस होत असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेलिक्स ओबेर या फ्रेंच कलाकाराच्या आराखड्यांवरून नॉर्मंडीत चक्क बहुरंगी लेस विणली गेली.

खरी अडचण वेगळीच आहे. भरतकामात आपल्याला हवा तिथे हवा तो रंग टाकता येतो, नको तिथे दोरा तोडता येतो. इथे बहुतेक दोरे सुरुवातीलाच उशीवर टांगलेले असतात आणि शेवटपर्यंत चालत राहतात. प्रत्येक दोरा एका लाकडी बॉबिनवर, दोन बॉबिन मिळून एक जोडी. हाताच्या हालचाली दोनच: शेजारच्या जोडीतला दोरा ओलांडायचा, नाहीतर आपल्याच जोडीला पीळ द्यायचा. आज डावीकडे लावलेला लाल दोरा चार बोटं खाली कुठे निघेल, हे आधी ठाऊक असावं लागतं.

ओलांडणं, पीळ, पुन्हा ओलांडणं असा टाका घेतला की कापडासारखी घट्ट वीण होते. एक जोडी आडवी धावते, बाकीच्या उभ्या राहतात. उभ्या निळ्या आणि धावती हिरवी घे, तुझ्या मोरपिशी पैठणीसारखी धूपछाव दिसते. कारणही तेच, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा. मी निळ्या-हिरव्याची बोटभर रुंदीची पट्टी करून पाहिली. खिडकीपाशी तिरपी धरली तर कडेला, जिथे धावती जोडी उशीत टोचलेल्या टाचणीला वळसा घालून परतते, तिथे हिरव्याचे बारीक ठिपके ओळीने उठून दिसतात. मला तीच जागा सगळ्यात आवडते.

पण शेवटचं ओलांडणं गाळलं की जोड्या फुटतात. धावत्या जोडीतला एकच दोरा पार पलीकडे जातो, बाकीचे तिरपे पांगतात, आणि रंग विखुरतो. दोनच जवळचे रंग असतील तर ते सुरेख दिसतं. पाच-सहा घातले तर नुसता गिचमिडा. तोर्शों नावाच्या साध्या जाळीत मात्र जोडी फुटत नाही, अख्खी तिरपी सरकते, त्यामुळे एक रंगीत जोडी जाळीतून सरळ तिरकी रेघ ओढते. आराखड्यावर स्केचपेनने प्रत्येक जोडीची वाट आखून घेतली की हे सगळं आधीच दिसतं. माझं ठाम मत आहे की या लेसमध्ये रंग निवडण्याआधी वाट निवडावी. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आकाराच्या कडेने जाणारा जाड दोरा रंगीत घेणं. तो टाक्यांत मिसळत नाही, जोड्यांमधून नुसता वाट काढत जातो.

आता काम सांगते. रविवार पेठेत, बोहरी आळीत गेलीस की माझ्यासाठी सुती दोऱ्याची रिळं घे. घट्ट पिळाची हवीत. भरतकामाचा सुटा दोरा इथे पिंजतो. रंग रामा, डाळिंबी, आमसुली आणि एक चिंतामणी. सगळ्यांची जाडी सारखी असू दे, नाहीतर वीण ओढली जाते. दुकानात पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळून बघ, एका सेंटिमीटरमध्ये प्रत्येकाचे वेढे सारखेच बसायला हवेत. आणि डाळिंबीचा तुकडा घरी ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून पाहा, रंग उतरला तर ते रीळ पाठवूच नको.

आत्याची मुलगी दिवाळीनंतर इकडे येते आहे, तिच्याकडे दे. आजीला साष्टांग नमस्कार. बाबांना गुडघ्याचा पट्टा लावायची आठवण करत जा.

तुझी,
मधुरा